फिरतं दुखणं

गुंद गावच्या बायका म्हणत, रुक्माला फसवणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. रुक्माला हे ऐकायला आवडत असे. मीठ घेऊन येणारा घाटाखालचा व्यापारी माप हलवून, वरवर भरून दाखवायचा. रुक्मा त्याच्या हातातून माप काढून घ्यायची आणि स्वतः दाबून भरायची. म्हैस आटली आहे की पान्हा चोरते आहे, हे तिला सडाला हात लावताच कळायचं. नवरा नागू जंगलखात्याच्या लाकूडतोडीवर जायचा. तो संध्याकाळी कुठे बसून, काय पिऊन आला आहे हे ती त्याच्या पायताणांच्या आवाजावरून ओळखायची. खोटं बोलणाऱ्याची तिला चीड होती, आणि त्याहून जास्त चीड होती ते खोटं गिळणाऱ्याची.

तिचं माहेर अणशीचं. लग्न होऊन नागू वेळीपाच्या घरात आली तेव्हा ती पोरच होती. सासू केशर, नवरा, धाकटा दीर वासू, पुढे वासूची बायको गुणा, असं ते घर. रुक्माची बाळंतपणं बरीच झाली, पण हाती लागली एकटी चंद्रा. आता ही एकुलती पोर लाडावणार, असं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. चंद्रा जरा उशिरा उठली, की गुणा म्हणायची, "उठवू नगा अक्का, राणीसायबांचा पलंग मोडंल." रुक्माच्या जिवाला ते लागायचं. म्हणून तिनं चंद्राला इतरांच्या मुलींपेक्षा चार कामं जास्तच लावली. सहा वर्षांची असताना पोर ओढ्यावरून लहान कळशी आणू लागली. सात-आठची झाली तेव्हा भाताच्या शेतात माळ्यावर बसून डुकरं आणि माकडं हाकलू लागली. पोर कामाला हुशार होती, गप्प होती. तिचे डोळे तेवढे आईसारखे, समोरच्याचं सगळं टिपणारे.

ही गोष्ट आहे एकोणीसशे बावीस-तेवीसच्या सुमाराची. त्या वेळी तालुक्याची कचेरी सुप्याला होती, आणि पावसाळ्यात गुंदहून सुप्याला जाणं म्हणजे जळवांना जेवण घालणं. त्या साली चवथीच्या दिवसांत नऊ वर्षांच्या चंद्राचा घसा धरला. दोन-तीन दिवस तिला पेजसुद्धा गिळवेना. मग घसा आपला आपण सुटला, आणि सगळे ते विसरले. पोरांचे घसे धरतात आणि सुटतात.

भात पोटरीला आलं तेव्हा एक दिवस ती ओढ्यावरून लंगडत आली.

"काय झालं गं?"

"गुडघा दुखतोय, आये."

"पडलीस?"

"न्हाई."

रुक्मानं हात लावून पाहिला. गुडघा जरा सुजल्यासारखा होता. तिनं हळद आणि चुना कालवला, गुडघ्यावर जाड लेप थापला आणि पोरीला चुलीजवळ बसवलं. त्या दिवशी कळशी तिनं स्वतः आणली. माया नव्हती असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रा उठली ती उजवा हात पोटाशी धरून.

"आये, कोपर दुखतंय."

"काल गुडघा व्हता."

"गुडघा ऱ्हायला."

"ऱ्हायला?" रुक्मानं वाकून पाहिलं. गुडघ्यावर लेप तसाच होता, कडेला ओलसर, मध्ये तडे गेलेला. "चुना अजून वाळला न्हाई आणि दुखणं ऱ्हायलं? उभी ऱ्हा. चाल."

चंद्रा उभी राहिली. चालली. पाय सरळ पडत होता.

भात कांडता कांडता गुणा थांबली आणि मुसळावर हनुवटी टेकून म्हणाली, "अगं बाई! गुडघ्यासनं कोपराला गेलं? बाजाराला निघालंय जनू."

चंद्रा ओशाळली. तिनं हात खाली सोडला, आणि सोडताना तिचं तोंड कसंतरी झालं. रुक्मानं ते पाहिलं, पण चोरी पकडली म्हणून तोंड असं झालं, असा अर्थ तिनं लावला. ती वर्षानुवर्षं माणसांची तोंडं वाचत आली होती. त्या सकाळी तिनं आपल्याच पोरीचं तोंड वाचलं आणि चुकीचं वाचलं.

त्या भागात अशा गोष्टीला सोंग म्हणत. खरं दुखणं एका जागी धरून बसतं, काटा रुतल्यासारखं. आज इथं आणि उद्या तिथं ठणकणारं दुखणं कामचुकार माणसाच्या तोंडात असतं, अंगात नसतं, याबद्दल कोणाला शंका नव्हती. रुक्माच्या सासरी नाही आणि माहेरीही नाही. लेप लावून बघणं हीच त्यांची परीक्षा. लेप एका जागी आणि बोट दुसऱ्या जागी, म्हणजे पोर पकडली गेली.

पुढचे दिवस तसेच गेले. कोपर राहिलं आणि घोटा धरला. घोटा राहिला आणि दुसरा गुडघा धरला. गुणाला एक नवीनच खेळ मिळाला. रोज सकाळी ती विचारायची, "चंद्रे, आज कुठल्या गावाला गेलंय गं तुझं दुखणं? अणशीला पोचलं का वाटंतच हाय?" घरातले सगळे हसायचे. एकदा तर चंद्राही हसली.

सांध्याला हात लावला की ऊन लागायचा. पण चुन्यानं कातडं ऊन होतंच. अंगही बारीक तापलेलं असायचं. त्या जंगलात हिवतापानं वर्षातले निम्मे दिवस निम्मी माणसं तापलेली असत, अंग तापणं ही काही सांगण्याजोगी गोष्ट नव्हती. सासू केशर एकदा म्हणाली, "रुक्मा, पोरीचं तोंड बघ. राखेसारखं झालंय."

"झोप पुरी झाली की व्हईल बरं, मांय."

"आणि रात्री रडती ती?"

"दिवसा कळशी उचलताना रडती, तशीच रात्री रडती."

नागूनंही एकदा तोंड उघडलं. "राहू दे की गं तिला एक दिवस."

"एक दिवस बसवली की जलमभर बसंल. सासरी गेल्यावर तुमी जाणार हाय का कळशी घेऊन?"

नागू कुऱ्हाड उचलून निघाला. घरातल्या अशा बाबतीत रुक्मा बोलली की विषय संपत असे. चंद्रा कळशी घेऊन ओढ्यावर जात राहिली. पाय दुखायचा तेव्हा ती हळू चालायची, आणि हळू चालली म्हणून बोलणी खायची.

दिवाळी झाली, वाटा सुकल्या आणि टोचणीवाले गावात आले. देवी टोचायला ते दरवर्षी यायचे. पण त्या वर्षी त्यांच्याबरोबर एक डॉक्टर होता. त्याचं नाव दत्तात्रय कालकुंद्रीकर. बेळगावला त्याचा स्वतःचा दवाखाना होता, आणि तो दवाखाना महिनाभर बंद ठेवून, पदरमोड करून तो या जंगलात हिंडत होता. चाळिशीचा, किडकिडीत, पायांना जळवांच्या फोडांवर चिंध्या बांधलेला माणूस. त्याला पोरांच्या सांधेदुखीचा शोध घ्यायचा होता. टोचणीवाल्यांचा शिपाई परशू बायकांना हळूच सांगायचा, "शाना हाय पण जरा सुटलेला हाय. म्हाताऱ्यांचं सांधं सोडून पोरांचं सांधं बघतोय."

सातेरीदेवीच्या देवळापुढं गाव जमलं. दंडावर सुई लागली की पोरं बोंब ठोकत आणि त्यांच्यामागे रांगेतली बाकीची पोरं आधीच रडून घेत. अणशीहूनही काही माणसं आली होती. त्यांत रुक्माची भावजय यमुना होती. भावाचा मुलगा चंद्राहून चार वर्षांनी मोठा. त्याच्यासाठी चंद्राला मागायची असं दोन्ही घरांत बोलणं होऊन गेलं होतं. नक्की काही नव्हतं, पण यमुना आल्यापासून चंद्राकडे बघत होती, बाजारात गाय बघावी तशी. दात, हात, चाल.

डॉक्टर प्रत्येक आईला तेच विचारत होता. रुक्माची पाळी आली.

"हिला काही दुखतं-खुपतं का, बाई?"

रुक्मा काही बोलायच्या आत मागून गुणा कुजबुजली, "सांगा की अक्का. आमची फिरती हाय म्हणून सांगा." दोघी-तिघी फिसकन हसल्या. यमुनानं मान वळवली.

"गुडघा दुखतो," रुक्मा म्हणाली.

"कुठला?"

"ह्यो." तिनं डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

डॉक्टरनं गुडघा दाबला, वाकवला. त्या दिवशी गुडघा ठीक होता, दुखत होतं मनगट. चंद्रानं ते दुसऱ्या हातात धरलं होतं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

"दुखणं एकाच जागी असतं, की फिरतं?" डॉक्टरनं विचारलं. हा प्रश्न तो हळू, जोर देऊन विचारत असे. "आज गुडघा, उद्या कोपर, परवा घोटा, असं होतं का? नीट आठवून सांगा."

सगळ्या बायका ऐकत होत्या. यमुना ऐकत होती. रुक्माला वाटलं, हा बाबा परगावचा, त्याला काय ठाऊक आपण चारचौघांत काय विचारतोय ते. भर देवळापुढं, पोरीच्या होणाऱ्या सासूसमोर तो विचारत होता, बाई, तुमची मुलगी सोंगाडी आहे का?

"न्हाई," रुक्मा म्हणाली. "आमच्या पोरीचं दुखणं फिरत न्हाई. एकच गुडघा. पडली व्हती वड्यात."

चंद्रानं मान वर करून आईकडे पाहिलं.

"नक्की?"

"आई मी हाय का तुमी?"

आजूबाजूला हशा झाला. डॉक्टरही हसला. त्याच्या गळ्यात रबरी नळी होती. ती त्यानं कानाला लावली आणि चंद्राच्या छातीकडे हात नेला. तेवढ्यात पुढच्या पोरानं शिपायाच्या हाताला कडकडून चावा घेतला. परशू बोंबलला, एकच गोंधळ उडाला. डॉक्टर तिकडे धावला. परत आल्यावर त्यानं रुक्माला चोळायला तेलाची बाटली दिली आणि पुढच्या बाईला बोलावलं. पडलेल्या पोरीच्या गुडघ्यासाठी छाती कशाला तपासायची?

घरी जाताना रुक्मानं चंद्राचा दंड धरला. "तुझ्यापायी आज देवळापुढं खोटं बोलले. सातेरीच्या दारात. ध्येनात ठेव."

चंद्रानं मान हलवली.

पौषात दुखणी गेली. एकदम, जशी आली तशी. चंद्रा पुन्हा पळू लागली. रुक्मा सासूला म्हणाली, "बघितलंसा मांय? कामानं गेलं. बसवून ठेवली असती तर अजून चोळत बसलो असतो." केशरनं नुसते डोळे चोळले. त्या वर्षी तिच्या डोळ्यांत फूल पडायला लागलं होतं, आणि नातीचं तोंड तिला नीट दिसत नव्हतं.

दोन वर्षं गेली. चंद्रा उंच झाली, पण भरली नाही. ओढ्यापासून घरापर्यंतचा चढ ती एका दमात चढायची, आता मध्ये थांबू लागली. आधी एकदा थांबायची, मग दोनदा, मग कळशी दगडावर ठेवून बसायचीच. रात्री आडवी झाली की खोकायची. म्हणून ती खांबाला टेकून बसल्या बसल्या झोपू लागली. एका पावसाळ्यात तिच्या गालांवर लाली आली आणि ओठ जांभळट झाले. शेजारणी म्हणाल्या, पोरीला रूप आलं.

"पुन्हा सुरू झालं व्हय सोंग?" गुणा एकदा म्हणाली. पण कोणी हसलं नाही, आणि तिनंही पुन्हा म्हटलं नाही. चंद्राच्या गळ्याजवळची शीर उडताना बसल्या जागेवरून दिसत होती.

बेळगावचा तो डॉक्टर जोयड्याला आल्याचं हिवाळ्यात कळलं. नागूनं बैलगाडीत गवत घातलं, त्यावर घोंगडं टाकलं आणि तिघं निघाली. वाटेत चंद्राला बरं वाटत होतं. ती म्हणाली, "बाबा, गाडीतनं रान यगळंच दिसतं." सगळी वाट ती चाकाकडे बघत बसली.

डॉक्टरनं या वेळी नळी छातीवर ठेवली, ती काढलीच नाही. पुढून ऐकलं, काखेत ऐकलं, पाठीवर ऐकलं. मग त्यानं चंद्राला बाहेर बापाजवळ पाठवलं.

"हिचे सांधे कधी दुखले होते?"

"व्हय."

"एकच सांधा?"

रुक्मा खाली बघत उभी राहिली. "न्हाई. फिरत व्हतं. गुडघा, कोपर, घोटं, मनगटं. समदीकडं."

"कधी?"

"तुमी गुंदला आला व्हता तवा."

डॉक्टरनं तिच्याकडे नीट पाहिलं. त्याला आठवलं की नाही कोण जाणे. शेकडो बायका त्याच्यापुढून गेल्या होत्या. "मी सगळ्यांना विचारलं होतं," तो म्हणाला.

"व्हय. ईचारलं व्हतं."

"मग?"

"आमच्यात फिरत्या दुखण्याला सोंग म्हणत्यात, डाक्तरसायेब. चारचौघांत पोरीला सोंगाडी कशी म्हणू? तिची मागणी आली व्हती."

डॉक्टर खुर्चीवर बसला. तो नळी हाताभोवती गुंडाळत आणि सोडत राहिला. मग बोलू लागला, ते निम्मं रुक्माशी आणि निम्मं भिंतीशी. तो म्हणाला, पोरांच्या सांध्यांत फिरणारा हा एक ताप आहे. विलायतेच्या पुस्तकांत लिहिलं आहे, की तो थंड देशांतल्या पोरांना होतो, इकडच्या पोरांना होत नाही. त्याला ते पटत नव्हतं. बेळगावात त्याला अशी दोन पोरं सापडली होती. म्हणून तो गावोगाव हिंडला. त्या तापाची खूण एकच, दुखणं फिरतं. "आणि मी ज्या ज्या आईला विचारलं ती नाही म्हणाली. तेच मी लिहिलं. चार डॉक्टरांपुढं उभं राहून वाचूनही दाखवलं, की या भागात हा रोग नाही, पुस्तक बरोबर आहे." त्यानं नळी बाजूला ठेवली. "फिरतं का, असं मी विचारत होतो. तुम्हांला काय ऐकू येत होतं, हे मला दोन वर्षांत कोणी सांगितलं नाही."

"आता काय करायचं?" रुक्मानं विचारलं. तिला पुस्तकांशी काही घेणं नव्हतं.

त्यानं तिला सोप्या शब्दांत सांगितलं. काळजाला आत दारं असतात. रक्त पुढं गेलं की ती लागतात. तो ताप सांध्यांना धरतो आणि सोडतो, पण काळजाला धरलं तर सोडत नाही. चंद्राचं एक दार आता नीट उघडत नाही आणि नीट लागत नाही. ते दुरुस्त करायचं औषध कुणाकडे नाही, विलायतेतही नाही.

"तवा कळलं असतं तर?"

डॉक्टर उत्तर द्यायला तयार नव्हता. रुक्मा उत्तर घेतल्याशिवाय जाणारी नव्हती.

"औषध दिलं असतं. ताप आणि ठणका उतरतो त्यानं. आणि अंथरुणात ठेवलं असतं, चार-सहा महिने. पाणी नाही, शेत नाही, उठायचंसुद्धा नाही. काळजाला विसावा मिळाला असता."

"मग वाचली असती?"

"कदाचित. नक्की कोणी सांगू शकत नाही, बाई."

रुक्माच्या मनात त्यातला 'कदाचित' राहिला नाही. तिच्या मनात राहिल्या कळशा. त्या चार महिन्यांत पोरीनं ओढ्यावरून आणलेल्या सगळ्या कळशा, चढावरून वर येणाऱ्या.

त्यानंतर ते घर बदलून गेलं. ओसरीत वाऱ्याच्या बाजूला चंद्राचं अंथरूण पडलं आणि तिथंच राहिलं. डॉक्टरनं बारीक ताप आहे म्हणून औषध दिलं होतं, पाण्यासारखं, गोडसर आणि खारट. ते घेतलं की चंद्रा म्हणायची, "आये, कानात रातकिडं वरडत्यात." रुक्मा तिला उठू देत नसे, बसल्या जागी भरवत असे. पाणी, शेण, कांडण, चूल, सगळं तिनं आपल्यावर घेतलं. लावणीच्या दिवसांत गडी-बायका चिखलात आणि अकरा-बारा वर्षांची धडधाकट दिसणारी पोर ओसरीत पडलेली, हे बघून येणारा-जाणारा बोलायचा. रुक्मा अंगावर धावून जायची. एकदा वासूनं, दिरानं, सहज म्हटलं, "वैनी, पत्रावळी तरी टाचू दे तिला, वेळ जाईल." रुक्मानं त्याला असं सुनावलं, की तो आठ दिवस मागच्या दारानं येत-जात होता. पण चंद्रालाच पत्रावळी टाचायच्या होत्या. शेवटी तिनं आईकडून तेवढं मागून घेतलं. तिच्या पत्रावळी इतक्या घट्ट असायच्या की त्यांत पातळ आमटीही टिकायची.

अणशीहून मग काही बोलणं आलं नाही. रुक्मानंही विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टर पुन्हा गुंदला आला. सातेरीच्या देवळापुढं बायका जमल्या. या वेळी त्यानं आधी प्रत्येक पोराच्या छातीला नळी लावली, आणि प्रश्न विचारला तो वेगळाच.

"सांगा बघू, कुणाच्या घरात सोंगाडं पोर हाय? कामाच्या वेळी ज्याचं कायतरी दुखतं, आणि रोज यगळं दुखतं?"

तो शब्द त्याच्या बेळगावी तोंडात मजेशीर वाटत होता. बायका खो खो हसल्या आणि आपापल्या घरची नावं सांगू लागल्या. ह्यो बघा ह्यो, आमचा म्हादू, पट्टीचा सोंगाड्या. आमची सावित्री, तिचं तर काय सांगायचं! पोरं लाजत, ढकलली जात पुढे आली. डॉक्टरनं त्यांना रांगेत बसवलं. बरीचशी खरोखरच कामचुकार निघाली. म्हादूला तर त्यानं गालावर हलकीशी चापट मारून पळवलं. पण सावित्रीपाशी तो थांबला. तिचा घोटा सुजलेला होता. त्यानं नळी लावली, पुन्हा लावली, आणि तिच्या आईला बाजूला बोलावलं.

रुक्मा देवळाच्या खांबाशी उभी होती. तिला दिसलं, की सावित्रीच्या आईचं हसू हळूहळू उतरलं, तिनं मान हलवली, पोरीला कडेवर उचललं. आठ वर्षांच्या घोडीला कडेवर घेऊन ती घराकडे चालू लागली. ती पोर महिनोन्‌महिने झोपून राहिली आणि बरी झाली. पुढे तिचं लग्न झालं, पोरंबाळं झाली. रुक्माला त्या दिवशी बरं वाटायला हवं होतं. बाकी सगळ्यांना वाटलं की तिला बरं वाटलं असेल. खरं तर तिला राग आला होता. कोणाचा, ते तिला सांगता आलं नसतं. डॉक्टर तिच्याजवळ येऊन काहीतरी बोलू पाहत होता. तिनं पदर सावरला आणि ती ओढ्याकडे निघून गेली. कामं पडली होती.

चंद्रा पुढच्या श्रावणात गेली. पाय सुजले, मग पोट, मग चार दिवस तिला बसूनही श्वास घेता येईना. त्याबद्दल रुक्मा गावातल्या कोणाशीही बोलायची, लपवायची नाही. पण त्याआधीच्या एका दुपारची गोष्ट मात्र तिनं कोणाला सांगितली नाही, नागूलाही नाही.

शिमगा होऊन गेला होता. घरात कोणी नव्हतं. चंद्रा खांबाला टेकून पानं टाचत होती आणि रुक्मा तिच्या पायांना कोमट तेल लावत होती. पायांवर दाबलं की बोटाचा खळगा पडत होता आणि हळूहळू भरत होता.

"आये," चंद्रा म्हणाली, "तवा मी सोंगच करत व्हते का गं?"

"कवा?"

"तवा. गुडघा-कोपर दुखायचं तवा."

"न्हाई. डाक्तरनं सांगितलंय मला. खरंच दुखत व्हतं तुझं."

"मला वाटायचं सोंगच हाय." तिनं काडी दातांनी मोडली. "सकाळी उठून गुडघ्यात बघायची, तर तिथं दुखतच नसायचं. मग वाटायचं, कालचं मीच मनानं केलं आसंल. काकी हसायची तवा मलाबी हसू यायचं. आपुन लबाड हाय आसं मला वाटायचं. सातेरीला सांगायची मी, एकाच जागी दुखू दे गं बाय, कुठंबी दुखू दे, पण एकाच जागी दुखू दे."

रुक्माचा हात थांबला. ओसरीबाहेर कोंबड्या सुकल्या पानांत उकरत होत्या.

"आणि तो डाक्तर आला तवा," चंद्रा हसून म्हणाली, "मी लई भ्याले व्हते. यमुनामामी बघत व्हती. वाटलं आता आये सांगणार, समद्यांना कळणार. आणि तू म्हणालीस, आमच्या पोरीचं दुखणं फिरत न्हाई." तिनं आईच्या आवाजाची नक्कल केली, मान ताठ करून. "आई मी हाय का तुमी! डाक्तरसुद्धा हसला. मला इतकं बरं वाटलं, आये. घरी कुणी माझ्या बाजूनं बोलत नसायचं, पण तू समद्यांदेखत माझ्यापायी खोटं बोललीस. देवीच्या दारात. मी अजून सांगते मनाला, रात्री दम लागला की. माझी आय माझ्या बाजूनं बोलली व्हती."

रुक्मानं वाटीतलं तेल पुन्हा हातावर घेतलं. पोरीला काय सांगायचं हे तिला माहीत होतं, ओळीनं, शब्दाशब्दानं. तो एक शब्द खरा बोलले असते, तर डॉक्टरनं छातीला नळी लावली असती. सावित्रीसारखी तू पण तेव्हाच झोपून राहिली असतीस. हे सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं. चंद्रा तिच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर हसू होतं आणि गळ्याजवळची शीर उडत होती.

"व्हय," रुक्मा म्हणाली. "तुझ्याच बाजूनं बोलले."

आणि तिनं दुसरा पाय मांडीवर घेतला.